पोलिसांची मोटारशाळा

मोटार हांकतां येणें आणि मोटार नीट हांकतां येणें ह्या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, ह्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. परवाना हातीं आला कीं विद्या संपली, असाच सामान्य समज दिसतो. ज्यांना कर्तव्य म्हणूनच वेगानें जावें लागतें, त्या पोलिसांच्या शिक्षणाचा प्रश्न तर कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ह्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड ह्या देशांनीं ह्या बाबतींत काय केलें, तें वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावें असें आम्हांस वाटतें.

ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें मोटारींवरील ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा उठविण्यांत आली. पुढें १९३४ ह्या एका सालांत तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेव्हां सरकारास जाग आली. १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागांत ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली, आणि त्याच वर्षीं जूनपासून नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. परंतु जे दुसऱ्यांस नियम शिकवणार, त्यांचा स्वतःचा हात कितपत तयार आहे? लंडनच्या पोलिसदलानें हा प्रश्न स्वतःस विचारला, हें त्याचें भूषण होय. लॉर्ड ट्रेंचर्ड हे कमिशनर असतांना त्या सुमारास हेंडन येथें पोलिसांची स्वतंत्र मोटारशाळा निघाली. १९३७ मध्यें अर्ल ऑफ कॉटनहॅम ह्यांचें साहाय्य तिला लाभलें. हे गृहस्थ पूर्वी शर्यतीच्या मोटारी हांकीत असत. शर्यतवाला शिक्षक आला म्हणजे तो वेग शिकवील, अशी कोणाचीहि कल्पना व्हावी. पण त्यांनीं शिकविला तो क्रम!

त्या पायावर जी पद्धति पुढें वाढली, तिचीं आज पांच अंगें मानतात: माहिती, जागा, वेग, गिअर, आणि शेवटीं गतीची वाढ. वळण असो, चौक असो, कीं उभी बैलगाडी असो, प्रत्येक प्रसंगीं चालकानें प्रथम पुढचें, मागचें व बाजूचें पाहावें. मग रस्त्यावरील आपली जागा ठरवावी. मग वेग बेताचा करावा. त्या वेगास योग्य असा गिअर घालावा. आणि धोका टळल्यावरच गति वाढवावी. ‘रोडक्राफ्ट’ ह्या नांवानें ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध आहे. तिच्या मुळाशीं एकच सूत्र आहे: आपल्या बाजूचा जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यांत गाडी सुरक्षितपणें थांबवितां आली पाहिजे.

हें सूत्र किती कठीण आहे, तें आंकड्यांवरून कळेल. ताशी ३० मैल वेग असतां धोका मनास उमगेपर्यंत गाडी ३० फूट जाते, व ब्रेक दाबल्यावर आणखी ४५ फूट, एकूण ७५. वेग दुप्पट केला तर पहिलें अंतर दुप्पट, म्हणजे ६० फूट होतें. पण दुसरें चौपट, म्हणजे १८० फूट होतें, आणि एकूण २४० फूट लागतात. चेंडूमागें धांवत आलेल्या मुलाचें आयुष्य ह्या हिशेबावर अवलंबून असतें.

शिकविण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्यानें गाडी हांकतां हांकतां आपल्यास काय दिसतें, त्यावरून काय संभवतें व आपण काय करणार, हें मोठ्यानें बोलत जावयाचें. जो पाहत नाहीं त्याला बोलतां येत नाहीं, आणि गुरुजींस त्याचें मन कोठें भरकटलें तें तत्काळ कळतें. निसरड्या केलेल्या मैदानावर गाडी मुद्दाम घसरवून ती सांवरण्यासहि तेथें शिकवीत.

आतां, अशी शाळा प्रत्येक लहान पोलिसदलास कशी परवडावी? ह्याचें उत्तर स्कॉटलंडनें दिलें. १९५४ पासून फाइफमधील टुलिअलन येथील वाड्यांत सर्व स्कॉटिश पोलिसदलांचें सामाईक विद्यालय आहे. १९७५ नंतर तेथें आठ दलें होतीं, व १ एप्रिल २०१३ रोजीं त्यांचें एक दल झालें. पण त्याच्या कित्येक वर्षें आधींपासून मोटारविद्येच्या वरच्या शिक्षणास निरनिराळ्या दलांचे शिपाई ह्याच एका ठिकाणीं येत. ह्यांत खर्चाची काटकसर आहेच. परंतु तिच्याहून मोठा लाभ पाठाच्या एकवाक्यतेचा आहे. वाईचा वैदिक व काशीचा वैदिक शेजारीं बसले तरी स्वर जुळतात, कारण पाठ एक. तसेंच दोन जिल्ह्यांच्या गाड्या एका चोराच्या मागें लागल्या असतां दुसरी गाडी काय करील, हें पहिलीला ठाऊक असावें लागतें.

वेगानें हांकावयास शिकविलें म्हणजे माणूस बेफाम होईल, असा एक आक्षेप आहे, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. पाठलागांत निरपराध माणसें बळी पडलीं आहेत. म्हणूनच तेथील कायद्यानें पोलिसांस वेगमर्यादेंतून सूट दिली, तरी काळजीपूर्वक हांकण्याच्या जबाबदारींतून दिलेली नाहीं. पाठलाग चालू असतां नियंत्रण-कक्षांतील अधिकारी तो सोडून देण्याचा हुकूम करूं शकतो. २०२२ च्या कायद्यानें शिक्षित पोलिसचालकाचें वर्तन सामान्य चालकाच्या नव्हे, तर तसेंच शिक्षण घेतलेल्या दक्ष शिपायाच्या मापानें जोखावें असें ठरलें. कोणी ह्यास पोलिसांची सवलत म्हणतील. आम्हांस वाटतें, ह्यांत सवलतीबरोबर ओझेंहि आहे. कारण ज्याला शिकविलें त्याला ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणतां येत नाहीं. विद्येनें अधिकार मिळतो तो ह्याच अटीवर.

आपल्या घरांनींहि ह्यांतून कांहीं घ्यावें. आपल्या देशांत २०१९ च्या दुरुस्तीनें रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या वाहनास वाट न देणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. पण दंडाच्या धाकानें दिलेली वाट ही उशीरां दिलेली वाट होय. मागें पाहण्याची संवय असेल त्यालाच ती वेळेवर देतां येते. घरांतील चिरंजीव किंवा सूनबाई मोटार शिकत असतील तेव्हां काकांनीं अथवा मामांनीं शेजारीं बसून ‘जें दिसतें तें मोठ्यानें सांग’ एवढेंच म्हणावें. ह्या पाठास पैसा लागत नाहीं. गाडी हांकणारा हात असला तरी ती थांबविणारें मन असतें, आणि तें मन घरींच घडतें.