मालिश हवी, नाकात तेल नको

गेल्या महिन्यात भाची बाळंतपणासाठी आमच्याकडे होती. बाराव्या दिवशी मालिशवाली खाला आल्या. पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेतले आणि कोमट खोबरेल तेलाने असे चोळले की बाळ तिथेच पेंगू लागले. शेवटी नाकात तेल सोडायला त्यांनी बोट बुडवले, तेव्हा भाची म्हणाली, "खाला, नाकात नको."

अम्मींचा चेहरा उतरला. "तुम्हा सगळ्यांना घातलं होतं, बेटा!"

अम्मींच्या मायेविषयी शंका नाहीच. पण नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. कानात-डोळ्यांतही तेल घालू नये, बाळाची छाती पिळू नये.

मालिश मात्र सोडू नये. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या टिफनी फील्ड यांच्या अमेरिकेतील अभ्यासात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना १० दिवस, रोज ३ वेळा, १५-१५ मिनिटे अंगावरून हात फिरवून मालिश केली, हातपाय हलवले. मालिश न केलेल्या बाळांपेक्षा त्यांचे वजन रोज सरासरी ४७ टक्के जास्त वाढले.

म्हणून खोली उबदार ठेवावी, दूध पाजल्यावर लगेच मालिश करू नये, बाळाला ताप असेल तर डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या दिवशी खाला आल्या तेव्हा आम्ही काही बोलण्याआधी अम्मीच म्हणाल्या, "नाकात नको हं. बाकी सगळं तुमच्याच हातानं होऊ द्या."