ठासणीची बंदूक : धोका कोणाला?

कोकणात भात पोटरीला आले, की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि चार महिन्यांच्या कष्टांची एका रात्रीत माती होते. मग पडवीच्या भिंतीवरील बंदूक खाली उतरते. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली ही बंदूक बहुधा ठासणीची असते. सरकारदरबारी हे हत्यार त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून गणले जाते. एक बार उडाला, की दुसरा भरायला वेळ लागतो. तेव्हा दरोडेखोराच्या ते फारसे कामाचे नाही, हा त्यामागील हिशेब. सुव्यवस्थेच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. परंतु जे हत्यार समाजाला कमी घातक, ते बाळगणाऱ्याच्या घरालाही कमी घातकच असणार, हे गृहीत मात्र साफ चुकीचे आहे.

काडतुसाच्या बंदुकीचा मालक दारूगोळा विकत आणतो. ठासणीच्या बंदुकीचा मालक तो प्रत्येक बाराला स्वतः सिद्ध करतो. दारू ओतणे, बोळा ठासणे, छरे सोडणे, टोपी चढविणे हे सारे त्याच्याच हातचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. तेथे दारूचे वजन होते, नमुन्यांची परीक्षा होते, आणि काम करणाऱ्याला आगपेटीसह आत पाऊल टाकता येत नाही. तेच काम आपला शेतकरी अंदाजाने, अंधारात आणि पुष्कळदा तोंडात विडी धरून करतो. तो बेफिकीर आहे म्हणून नव्हे. त्याच्या वडिलांनी तसेच केले आणि त्याला दुसरे कोणी काही शिकविले नाही, म्हणून.

बंदुकीची काळी दारू ही फार जुनी गोष्ट असली, तरी वयाने ती निवळलेली नाही. एका ठिणगीने ती पेटते. ढीग मोठा असला किंवा ती बंद डब्यात असली, तर तिचा स्फोट होतो. पावसाळ्यात ती सर्दावते आणि मग ती चुलीजवळ सुकविण्याचा मोह होतो. कोणी गुठळ्या कुटून बारीक करतो, तर कोणी फटाके फोडून त्यांतील मसाला वापरतो. फटाक्याची दारू बंदुकीसाठी केलेली नसते. तिच्यात काय आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते, आणि काही मिश्रणे केवळ घर्षणानेही उडतात. याहून घातक चूक म्हणजे काडतुसातील दारू ठासणीच्या नळीत घालणे. १८८४ साली फ्रान्समध्ये निघालेली धूररहित दारू दिसायला चिमूटभर. पण तिचा दाब काळ्या दारूसाठी घडविलेल्या जुन्या नळीला सोसवत नाही. नळी फुटते आणि तिला आधार देणारा डावा हात, तसेच दस्त्याला टेकलेला चेहरा, यांवर तो घाव बसतो.

हे झाले अज्ञानाचे. पण या बंदुकीच्या रचनेतच एक दोष आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. काडतुसाची बंदूक उघडून काडतूस काढून घेता येते. ठासणीची बंदूक एकदा भरली, की ती सुखासुखी रिकामी होत नाही. बार उडविणे हाच तिचा रिवाजी उपाय. रात्रभर राखण करून, जनावर न दिसता, पहाटे घरी परतलेला शेतकरी तो बार फुकट का घालवील? भरलेली बंदूक तशीच खुंटीला लागते. टोपी काढून ठेवली, तर निदान काही बचाव असतो. तेवढेही भान थकलेल्या माणसाला राहतेच असे नाही. पुढे मुलाच्या हाती ती खेळणे म्हणून लागते, किंवा आठ दिवसांनी तिच्यात दुसरा बार ठासला जातो. दुहेरी बाराने, किंवा दारू व छरे यांच्यामध्ये पोकळी राहिल्यानेही नळी फुटते.

शिकलेल्या माणसाकडून अशा चुका होत नाहीत, असा कोणाचा समज असेल, तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. तेथे वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरणे हा कायदेशीर छंद आहे. दारूच्या कारखानदारांचे छापील तक्ते, सूक्ष्म तराजू, खास यंत्रे, सगळे दिमतीला असते. तरीही एकाच काडतुसात दोनदा दारू पडते. पिस्तुलाची दारू रायफलीच्या काडतुसात जाते. दारू पडायची राहिली, तर गोळी नळीत अडकते आणि मागून आलेली दुसरी गोळी नळी फोडते. क्षणभर लक्ष विचलित होणे एवढे एकच कारण त्याला पुरते. शिवाय शिशाचा धोका असतो तो वेगळाच. घरी शिसे वितळवून छरे पाडणाऱ्याने जाणावे, की शिशाचे कोणतेही प्रमाण लहान मुलांना निर्धोक मानले जात नाही.

आता कायद्याकडे वळू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे घरी दारू कुटण्याची मुभा नव्हे. त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात, पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद आहे. पण तिला जोडून आणखी एक वाक्य आहे, ज्याची आठवण फारशी कोणाला होत नाही : पिकाच्या रक्षणास ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याला अन्य प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणजे कारखान्यात भरलेली, तपासलेली काडतुसे वापरण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ‘पुरेशी’ या शब्दाचा अर्थ लावताना केवळ डुकराचा नव्हे, तर शेतकऱ्याच्या हाताचा आणि डोळ्यांचाही विचार व्हावा. तेवढा अर्थ त्या शब्दात बसत नसेल, तर शब्द बदलावा.

यावर, गावोगाव काडतुसांच्या बंदुका देऊन शिकारीला उत्तेजन द्यायचे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे बंधन कोणाही परवानाधारकाला सुटलेले नाही, आणि सुटूही नये. परंतु शिकार रोखण्याचे काम वनखात्याचे आहे. ते हत्याराच्या गैरसोयीवर सोपवायचे आणि त्या गैरसोयीची किंमत शेतकऱ्याने बोटांनी मोजायची, हे धोरण नव्हे. काडतुसांचा हिशेब ठेवता येतो. घरी कुटलेल्या दारूचा कोणालाच ठेवता येत नाही.

अंमलबजावणीला वेळ लागेल. पण काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची कल्पना मान्य केली आहे; ते प्रशिक्षण तालुक्यातालुक्यात, मराठीतून आणि ठासणीच्या बंदुकीसह व्हावे. नूतनीकरणाच्या वेळी परवान्याबरोबर नळीचीही तपासणी व्हावी. खात्रीची दारू परवानाधारकाला वाजवी अंतरावर मिळावी. आणि पिकाची नुकसानभरपाई इतक्या तातडीने हाती पडावी, की मध्यरात्री बार भरण्याची पाळीच कमी यावी.

निवडणूक आली, की या बंदुकांची सरकारला आठवण होते आणि त्या ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. मतपेटीच्या सुरक्षिततेसाठी जी दक्षता घेतली जाते, तिच्यातील थोडी शेतकऱ्याच्या पडवीसाठी राखून ठेवली, तर ती वाया जाणार नाही.