एलआयटीतला ‘लक्ष्मीनारायण’ कोण?

नागपूरकर मंडळी, एक सोप्पा प्रश्न. अमरावती रोडवरच्या एलआयटीच्या नावातला ‘लक्ष्मीनारायण’ कोण? आमच्या ऑफिसात हा प्रश्न टाकला तर बहुतेकांचं उत्तर आलं, "देव! दुसरं कोण?"

तर तो देव नव्हे, माणूस. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. कामठीचे जमीनदार, खाणमालक आणि मध्य प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य. १९३० साली त्यांनी मृत्युपत्र केलं आणि सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाच्या नावे लिहून दिले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं पोर होतं, १९२३ चा जन्म. पैसे कशासाठी? उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्यातून १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली. २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं.

मला ३५ लाखांपेक्षा जास्त कौतुक आहे ते त्या ‘उपयोजित’ शब्दाचं. आमच्या धंद्यात अर्धी प्रोजेक्ट्स बुडतात, कारण क्लायंटला नेमकं काय हवंय तेच त्याला माहीत नसतं. या माणसाला माहीत होतं. त्या काळी आपल्या भागातलं मँगनीज इथून निघायचं, आगगाडीने बंदरावर जायचं आणि जहाजात बसून परदेशातल्या पोलाद कारखान्यांत पोचायचं. आपल्याकडे उरायचे खड्डे आणि मजुरी. अशा धंद्यातला पैसा, जमिनीतून निघालेल्या वस्तूचं पुढे काय करता येतं हे शिकवणाऱ्या संस्थेला लागला. याहून चांगला हिशेब कुठला?

दुसरी गोष्ट. पैसा त्यांनी दिला सार्वजनिक विद्यापीठाला. लंडनचा व्यापारी थॉमस ग्रेशम यानेही साधारण असंच केलं होतं. त्याने बांधलेला रॉयल एक्स्चेंज हा व्यापाऱ्यांचा बाजार १५७१ मध्ये सुरू झाला. १५७९ मध्ये तो वारला. बाजाराच्या भाड्यातून लोकांसाठी फुकट व्याख्यानं चालवायची जबाबदारी त्याने मृत्युपत्रात शहराच्या महापालिकेवर आणि मर्सर व्यापाऱ्यांच्या संघावर टाकली. त्यातून १५९७ मध्ये ग्रेशम कॉलेज निघालं आणि १६६० मध्ये तिथेच रॉयल सोसायटीचा जन्म झाला. ग्रेशमला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. पण देऊन झाल्यावर सोडून देता आलं, म्हणूनच ती गोष्ट त्याच्यापेक्षा मोठी झाली.

आता आपल्याकडे बघा. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. मी अशाच एका कॉलेजातून शिकलोय. ते नसतं तर मी इंजिनिअर झालो नसतो, हे मान्य. पण संस्थापक साहेब, उपाध्यक्ष चिरंजीव, सचिव सूनबाई आणि फी भरताना घाम फुटलेले आमचे बाबा, हे चित्र अनेकांच्या ओळखीचं असेल. लोक उगाच ‘शिक्षणसम्राट’ म्हणत नाहीत. सम्राटाचं राज्य घरातच राहतं ना!

आणि आपण आयटीवाले? पगार बरा, तक्रारी भरपूर. "नागपुरात काही नाही, पुण्याला जा" हे वाक्य तर आपल्याला पाठच आहे. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडतो, टॅक्स वाचेल तेवढी देणगी देतो. पण ज्या शाळेने पाढे शिकवले तिच्या प्रयोगशाळेत आज काय आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

कोट्यधीश व्हायची वाट बघायची गरज नाही. दहा मित्र मिळून एका सरकारी शाळेला सूक्ष्मदर्शकं देऊ शकतात. फक्त दोन पथ्यं पाळायची. कशासाठी देतोय ते नेमकं लिहायचं, आणि दिल्यावर खुर्ची मागायची नाही.

एवढं जमलं तर उद्या लोक आपलंही नाव विसरतील. विसरू देत की! पोरं शिकली म्हणजे झालं.