शब्दांची शिदोरी : ‘ए’ आणि ‘एल’ची जोडी

मागच्या वेळी मुका ‘के’ असणारे शब्द पाहिले. या वेळी ‘ए-एल’ने सुरू होणारे शब्द घेतले आहेत, आणि त्याला कारण झाली एक आई.

आठवीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली होती. इंग्रजी इमल्यात मुलीचे दहापैकी दोनच शब्द बरोबर होते. “मोठीचंही असंच झालं, सर. दहावीला इंग्रजीत नापास झाली, आता घरीच असते. हिचा अभ्यास घ्यावा म्हटलं तर मला उर्दू आणि अरबी वाचण्यापलीकडे काही येत नाही.” आम्ही वही उघडली. चुकलेल्या शब्दांत अल्जिब्रा होता, अल्कोहोल होता, अल्कली होता. म्हटलं, “बाजी, यातले बरेचसे शब्द तुमच्याच ओळखीचे आहेत.” त्यांना वाटलं, आम्ही नुसती समजूत काढतोय.

कुरआन वाचणाऱ्याला ‘अल’ सांगावा लागत नाही. इंग्रजीत जसा ‘द’, तसा अरबीत ‘अल’. इ.स. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी अरबी शब्द कानाने उचलले ते ‘अल’सकट, आणि पुढे त्यातले बरेच इंग्रजीत पोहोचले. सिसिलीमार्गे इटलीत गेलेल्या शब्दांचा ‘अल’ मात्र पुष्कळदा वाटेतच गळाला. म्हणून कापसाला स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ म्हणतात आणि इंग्रजीत नुसतं ‘कॉटन’. मूळ शब्द दोन्हीकडे एकच, अल-कुत्न.

आता त्या वहीतले शब्द. अल्जिब्रा म्हणजे बीजगणित. बगदादमध्ये साधारण इ.स. 820 च्या सुमारास अल-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ आहे. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं, हाड बसवणं. समीकरणात एका बाजूला वजा असलेली संख्या दुसऱ्या बाजूला मिळवून तूट भरून काढायची, हे ते सांधणं. जब्रचा दुसरा अर्थ जोर, सक्ती. तो आपल्या ‘बळजबरी’त आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना हा दुसरा अर्थच जास्त पटतो! याच ग्रंथकाराच्या नावाचं लॅटिनमध्ये रूप बदलत गेलं आणि त्यातून अल्गोरिदम आला. अर्थ, हिशेब सोडवण्याची पायरी-पायरीची रीत. संगणक चालतो तो याच रीतीवर.

अल्कोहोलची गंमत वेगळी. अल-कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरमा अगदी बारीक पूड करून बनतो, म्हणून युरोपात आधी कुठल्याही बारीक पुडीला, मग कशाच्याही काढलेल्या अर्काला आणि शेवटी दारूच्या अर्काला हे नाव पडलं. बाजींनी हे ऐकून आधी ‘तौबा’ म्हटलं, मग हसल्या. शब्द मुलीच्या लक्षात राहिला तो बहुतेक तिथेच.

अल्कली म्हणजे अल्क. अल-कली म्हणजे खारट जमिनीतल्या झुडपांची राख. साबण करायला ती वापरत. पोटॅशियमचं चिन्ह ‘पी’ सोडून ‘के’ का, असं मुलं दरवर्षी विचारतात. त्याचं लॅटिन नाव कॅलियम, ते याच कलीवरून. अल्कोव्ह म्हणजे खोलीच्या भिंतीत आत गेलेली जागा. मूळ अल-कुब्बा, म्हणजे घुमट. अल्केमी म्हणजे साध्या धातूचं सोनं करण्याची खटपट. अरबीत अल-कीमिया, उर्दूत कीमिया आणि मराठीत किमया. ‘अल’ गळाला आणि केमिस्ट्री उरली. अल्फाल्फा म्हणजे लसूणघास. गुरं पाळणाऱ्यांना अर्थ सांगायला नको.

इथे एक कबुली. पहिल्यांदा हा धडा घेतला तेव्हा उत्साहाच्या भरात आम्ही फळ्यावर ‘अलार्म’सुद्धा याच यादीत लिहिला. रात्री शब्दकोश उघडला तर तो निघाला इटालियन. ‘शस्त्रं उचला’ अशी ती हाक. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच पुसला. ऑल्सो, ऑल्वेज, ऑल्मोस्ट हे तर इंग्रजीच्या घरचे, त्यांच्यातला ‘ए-एल’ म्हणजे ‘ऑल’, फक्त एक ‘एल’ गाळलेला. मोबाइलवर ‘सगळी इंग्रजी अरबीतून आली’ छापाचे मजकूर फिरतात, ते पुढे पाठवू नयेत. शब्दकोशात पाहावं, मगच मुलांना सांगावं.

महिनाभर बाजी रोज रात्री मुलीला अरबी शब्द सांगायच्या, मुलगी इंग्रजी लिहायची. मोठीही शेजारी वही घेऊन बसू लागली. पुढच्या इमल्यात धाकटीचे दहापैकी सात बरोबर आले. अल्गोरिदम पुन्हा चुकला. ‘आर’नंतर ‘वाय’ लिहिला होता. अंकगणित म्हणजे अरिथमॅटिक, त्यात ‘आर’नंतर ‘आय-टी-एच-एम’ येतं, तेच इथे लिहायचं. ‘वाय’ असतो तो ताल या अर्थाच्या रिदममध्ये.

आता गृहपाठ. ‘अस्सलाम’मध्ये ‘ल’ लिहितात पण वाचत नाहीत, हे घरातल्या लहानांनाही ठाऊक आहे. तसाच ‘अल’चा ‘ल’ हरवलेले दोन इंग्रजी शब्द शोधा : एक फळ, एक भाजी. दोन्ही ‘ए’ने सुरू होतात आणि भाजी आपल्या घरात आठवड्यातून एकदा तरी शिजते. उत्तरं पुढच्या अंकात.