मटणातला भात आणि तेफ्तेली

परक्या मुलखातला पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात शिरला की त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पिझ्झ्यावर पनीर टिक्का बसतो, मॅगीत कांदा-लसूण मसाला पडतो. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. बटाटा, मिरची, टोमॅटो हे सगळे आपल्याकडे बाहेरूनच आलेले, आणि आज त्यांच्यावाचून आपलं पान हलत नाही. पण एका पदार्थाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. त्यात मी कुणाला गरम मसाल्याची चिमूटही टाकू देत नाही, आणि त्यातला भात काढूही देत नाही. तो पदार्थ म्हणजे रशियातली 'तेफ्तेली'.

तेफ्तेली म्हणजे खिम्याचे गोळे. खिम्यात अर्धवट शिजवलेला भात आणि परतलेला कांदा घालायचा, गोळे वळून पिठात घोळवायचे, तव्यावर वरवर भाजायचे आणि मग आंबट सायीच्या दाटसर रश्शात मंद आचेवर शिजू द्यायचे. झालं. त्या आंबट सायीला तिकडे 'स्मेताना' म्हणतात. रश्शात बहुतेक ठिकाणी थोडा टोमॅटोही असतो, त्यामुळे रंग फिकट नारिंगी येतो. याचंच एक भावंडं आहे, त्याचं नाव 'योझिकी', म्हणजे छोटे हेजहॉग! त्यात तांदूळ बरेचदा कच्चाच घालतात. तो शिजताना फुगून गोळ्याबाहेर डोकावतो आणि गोळ्याला काटे फुटल्यासारखे दिसतात. मुलांना हा प्रकार फार आवडतो म्हणे. आवडणारच!

आमच्या घरात हा पदार्थ आला तो नातीबरोबर. ती कझानला सहा वर्षं वैद्यकीय शिकत होती. आपल्या महाराष्ट्रातली बरीच मुलं तिकडे शिकायला जातात, हे आता नवीन राहिलेलं नाही. पहिलं वर्षभर ती फोनवर रडायची की आजी, इथलं जेवण नुसतं उकडलेलं असतं. दुसऱ्या वर्षापासून रडणं थांबलं. आणि परत आल्यावर महिन्याभरात तिला जी आठवण यायला लागली ती बर्फाची नाही, नदीची नाही, कँटीनमधल्या तेफ्तेलीची. मग तिने सांगायचं आणि मी करायचं, असं आमचं सुरू झालं.

एकदा माझा पुतण्या जेवायला होता. माणूस खाण्याचा दर्दी, पण बोलायला तिखट. पहिला गोळा फोडून आत बघतो तर भात! म्हणाला, "काकू, मटणात भात घालून फसवताय होय आम्हाला?" सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आजकाल हा विचार सगळीकडेच दिसतो. पाकिटावर लिहिलेलं असतं 'शंभर टक्के मांस', 'काहीही भर नाही'. म्हणजे भर घालणं ही लबाडी, आणि ज्यात भर नाही ते अस्सल. मला हे मान्य नाही.

मराठी शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे शब्दाला अडखळायची सवय आहे. आपल्या भाषेत 'वाढणे' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. ताटात अन्न घालणे म्हणजेही वाढणे, आणि मोठे होणे, जास्त होणे म्हणजेही वाढणेच. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले ते भाषाशास्त्रज्ञ सांगतील. पण ज्या बाईने पाच माणसांचा स्वयंपाक आठ माणसांना पुरवला आहे, तिला त्यात नवल वाटणार नाही. पानात वाढायचं तर आधी पातेल्यात वाढवावं लागतं!

आपली पीठ पेरून केलेली भाजी आठवा. कांद्याची पात असो, मेथी असो, ढोबळी मिरची असो. एका जुडीत घर जेवत नाही, म्हणून वरून बेसन पेरायचं. आज आपण ती भाजी हौसेने करतो, पाहुण्यांना वाढतो, आणि त्या बेसनाला कुणी भेसळ म्हणत नाही. उलट बेसन नसेल तर भाजीची मजा गेली असं म्हणतो. आमच्या आईचा तर हातच त्यात बसलेला होता. १९७२च्या दुष्काळात मी नुकतीच नोकरीला लागले होते. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'पुरवणे' या क्रियापदाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही.

आता तिकडे रशियात बघा. कटलेट हा शब्द मुळात फ्रेंच, त्याचा अर्थ बरगडीचा तुकडा. जुन्या श्रीमंत घरांत ते हाडासकट मांसाचं काप असे. विसाव्या शतकात तिथे कटलेट म्हणजे खिम्याची, पाव घातलेली वडी झाली. त्यामागे इतिहास आहे. अनास्तास मिकोयान हे सोव्हिएत सरकारात अन्नउद्योगाचे प्रमुख होते. १९३६ साली ते अमेरिकेला गेले, तिथे हॅम्बर्गर करणारी यंत्रं त्यांनी पाहिली आणि तशी यंत्रं मागवली. पुढे तो गोल पाव राहिला बाजूला, आणि कारखान्यात तयार झालेली स्वस्त कटलेटं तेवढी घरोघर पोचली. लोक त्यांना मिकोयान कटलेटंच म्हणत. १९३९ साली 'स्वादिष्ट आणि पौष्टिक अन्नाचे पुस्तक' निघालं. त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या आणि घराघरात ते पुस्तक असे. त्यात रंगीत चित्रं होती, मोठमोठे मासे, कॅव्हियार, शँपेनच्या बाटल्या. पुस्तकात भरलेली टेबलं, आणि दुकानात रांगा!

कारण त्याच देशाने काय काय पाहिलं? १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये नोकरी नसलेल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही लाकडाचा लगदा मिसळलेला असे. युद्ध संपल्यावरही रेशनिंग १९४७च्या डिसेंबरापर्यंत चाललं. पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी साखर, मांस यांसाठी पुन्हा कुपनं आली. अशा देशात अर्ध्या किलो खिम्यात वाटीभर भात कालवणाऱ्या बाईला फसवणारी म्हणायचं? ती तर घर चालवणारी. शाळा, बालवाड्या, कारखान्यांची कँटीनं, दवाखाने, सगळीकडे तेफ्तेली शिजली ती ती चांगली लागते म्हणून आणि पुरते म्हणूनही. आजही तिथल्या शाळांमध्ये ती असते.

गंमत अशी की, हा भात केवळ गरिबीचा नाही. तो गोळ्याला मऊ ठेवतो. नुसतं मांस तापलं की आकसतं आणि स्वतःतलं पाणी बाहेर टाकतं. नुसत्या खिम्याचा गोळा रश्शात अर्धा तास ठेवा, चेंडू होतो. आत भात असेल तर बाहेर पडणारा रस तो शोषून घेतो आणि मांसाची घट्ट वीण बसू देत नाही. म्हणजे ज्याला मटण परवडतं त्यानेसुद्धा भात घालावा. गरजेपोटी सुचलेली युक्ती चवीलाही खरी ठरली, असं फार थोड्या पदार्थांच्या बाबतीत होतं.

आता कृती सांगते, म्हणजे नुसतंच प्रवचन नको. अर्धा किलो खिमा घ्या. तिकडे बहुतेक गाय-डुकराचा मिश्र असतो, मी मटणाचा किंवा कोंबडीचा घेते. मटणाचा असेल तर खाटकाला दोनदा काढायला सांगा. पाऊण वाटी तांदूळ अर्धाकच्चा शिजवून पाणी काढून पूर्ण गार करा. बासमती नको, आपला जाड, थोडा चिकट तांदूळ बरा. एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून तुपावर गुलाबी परता. खिमा, भात, कांदा, एक अंडं, मीठ, मिरपूड, बस्स. हाताने चांगलं मळा. ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे करा, मैद्यात घोळवा, थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी रंग येऊ द्या. आतून शिजायची घाई नको.

रश्शासाठी स्मेताना आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याला उत्तर आपल्याच घरात आहे. गोड दही दोन-तीन तास फडक्यात टांगून चक्का करा, एक वाटी चक्क्यात अर्धी वाटी ताजी साय घोटून घ्या. साय कमी करू नका, कारण स्निग्धांश कमी असलेलं दही तापवलं की फुटतं. त्यात एक चमचा मैदा नीट मिसळा. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, त्यातलीच ही गोष्ट. मैदा लावलेल्या या मिश्रणात दीड-दोन वाट्या पाणी किंवा खिम्याच्या हाडांचा रस्सा हळूहळू घाला, दोन चमचे टोमॅटोची घट्ट प्युरी घाला. गोळ्यांवर ओता, झाकण ठेवा, आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. खळखळून उकळी आणायची नाही, हे मी परत सांगते.

तिकडे यात एक पान घालतात, पण ते आपलं तमालपत्र नव्हे. दोन्ही पानं वेगवेगळ्या झाडांची, वासही निराळा. तमालपत्र घातलं की बिर्याणीचा भास होतो, म्हणून नाही मिळालं तर सोडून द्या. पण वरून जी हिरवी पानं भुरभुरायची ती सोडू नका. ती आहे शेपू! होय, आपण नाकं मुरडतो तोच शेपू. सगळ्या रशियन जेवणावर तो कोथिंबिरीसारखा पडतो. आणि आंबट सायीवर तो असा काही खुलतो की शेपूचे शत्रूही शांत बसतात. सोबत बटाट्याचा मऊ लगदा किंवा साधा भात.

आता मसाल्याचं. माझी जाऊ म्हणाली, "ताई, जरा मिळमिळीत आहे हो, थोडी लाल मिरची तरी घालायची." आता मिळमिळीत हा शब्द आपण पदार्थाला लावतो खरा, पण पुष्कळदा तो आपल्या जिभेची हकिगत सांगत असतो. रोज लाउडस्पीकर ऐकणाऱ्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही, त्यात बोलणाऱ्याचा काय दोष? तेफ्तेलीत चव आहे. परतलेल्या कांद्याचा गोडवा, दह्याचा आंबटपणा, शेपूचा वास. मिरची घातली की हे तिन्ही गप्प होतात आणि उरतो तो आपला नेहमीचा रस्सा. मग रशियाचं नाव तरी कशाला?

कुणी असंही म्हणालं की, फेब्रुवारी २०२२ पासून त्या देशाने शेजाऱ्यावर युद्ध लादलं आहे, मग त्यांच्या पदार्थाचं कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि युद्धाबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण तेफ्तेली जशी रशियाची तशी युक्रेनचीही. एकाच सोव्हिएत काळात दोन्हीकडच्या कँटीनांत ती शिजली, दोन्हीकडची मुलं ती खाऊन मोठी झाली. पदार्थ सरकारच्या नावावर नसतो. तो ज्या बायांनी रांगेत उभं राहून आणलेलं पाव किलो मांस घरभर पुरवलं, त्यांच्या नावावर असतो. त्या बाया सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

असो. सांगायचं ते एवढंच की दुसऱ्याचा पदार्थ एकदा तरी त्याच्या व्याकरणाने करावा. आम्ही मुलांना परकी भाषा शिकवताना म्हणायचो, आधी त्यांच्यासारखं बोलायला शिका, मग हवं तर मराठी मिसळा. अन्नाचंही तसंच. पहिल्या खेपेला भात काढू नका, मिरची घालू नका. दुसऱ्या खेपेला तुमचं घर, तुमचं पातेलं. आणि कुणी गोळा फोडून "मटणात भात?" असं विचारलंच, तर सरळ सांगा, हो, भात आहे, म्हणूनच तर सगळ्यांना दोन-दोन आले!