मोजणे हीसुद्धा माया

जानेवारीची पहाट. निफाडच्या थंडीने बोटं बधिर झालेली. तरी चापडगावच्या बाजूला, नांदूरमध्यमेश्वरच्या काठी, दुर्बीण आणि वही घेऊन माणसं पक्षी मोजत उभी राहतात.

इथे गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिशकाळात बंधारा झाला. गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळी पाहुण्यांना हक्काचं घर मिळालं. डॉ. सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

हा मान टिकवायचा, तर नोंदी हव्यात. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. एका वर्षाचा आकडा फारसं बोलत नाही. पाऊस आणि बंधाऱ्यातली पाणीपातळी यांनुसार तो खालीवर होतो. पण त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजलं की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक वाढताहेत की घटताहेत, हे उमगतं. जलपर्णी, सांडपाणी, शेतातली रसायनं यांचा परिणामही अशाच नोंदींतून तपासता येतो.

आमचं मागणं साधं आहे. गणनेचा दिवस हा सहलीचा दिवस न ठरो. गावोगावच्या शाळांनी आपल्या तळ्याची वही सुरू करावी. जे आपण मोजत नाही, ते हरवल्याचंही आपल्याला कळत नाही.

– संपादक