आतल्या गाठीची

परवा एका मुंजीत, घटस्फोट घेऊ पाहणाऱ्या एका मुलीबद्दल ऐकलं, "आधीच सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या म्हणे. आतल्या गाठीची!" जिलबी कडू लागली.

का हो? नवऱ्याने एफडी कुठे आहेत ते कधी सांगितलं नाही, तर तो व्यवहारी. हिने पासबुकाची झेरॉक्स काढली की कारस्थानी! पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सुप्रीम कोर्टानेच २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ठरवून दिलंय. ते काय आठवणीतून लिहायचं?

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. आपल्या महाराष्ट्रात तसं नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आणि हप्ते हिच्या पगारातून, तर हिच्या बाजूने बोलणार कोण? बँकेचं स्टेटमेंट. स्त्रीधन कायद्याने तिचंच, पण दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आणि पावत्या... देव जाणे.

(पुरुषांनीही काढाव्यात झेरॉक्स. फक्त लपवालपवी नको.)

मावशी, तू हे वाचणार हे ठाऊक आहे. तुझ्या पाटल्यांची पावती कुठे आहे, सांग बघू?